सातवं म्हणायचं न्हाई

गोदूआत्या शिव्या देत नसे, आकडे देत असे. पाटी फुटली, शेळीनं वाळवणात तोंड घातलं, कुणी जोडे घालून ओसरीवर चढलं, की तिच्या तोंडून निघे, "एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न!" हा साधा राग, एकपट. राग वाढला की ती त्याच आकड्याला दोनानं गुणी. "दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा!" मग तिनानं, मग चारानं. पाचपट ऐकला की आमच्या आष्टीच्या बाजारातली भांडकुदळ माणसंसुद्धा आपली पाटी उचलून बाजूला सरकत. सहापट मी आयुष्यात तीनदा ऐकला, एकदा तिच्या तोंडून आणि दोनदा माझ्याच. सातपट मात्र तिच्या तोंडून कुणीच ऐकला नाही.

ती माझी सख्खी आत्या नव्हे. गावची लेक सासर सोडून माहेरी येऊन राहिली की सगळ्या गावच्या पोरांची आत्या होते, तशी ती होती. उंच, हाडकुळी, आणि चाल अशी की मागून बघणाऱ्याला वाटावं, ही कुणाला तरी मारायला निघाली आहे. तिचा नवरा नगरला शाळामास्तर होता. नगर आम्हाला बैलगाडीच्या वाटेवर, पण तिथं इंग्रजाचं राज्य आणि आमच्याकडे निजामाचं. मास्तरानं हौसेनं बायकोला लिहायला, वाचायला, गुणायला शिकवलं. मूल होईना तेव्हा तितक्याच हौसेनं दुसरी बायको आणली. आत्या दुसऱ्या दिवशी आष्टीच्या गाडीत बसली.

"नवऱ्यानं टाकली म्हणं हिला," विहिरीवर कुणीतरी कुजबुजलं, तर घागर खाली ठेवून तिनं सुनावलं, "टाकायला मी काय केर हाय व्हय? मी उठून आले."

"आन् दागिने?"

"त्याच्या दुसरीला ऱ्हाऊ द्या. मी त्याच्याकडला ह्यो आकडा तेवढा आणला. त्या घरात तेवढा एकच सरळ वागायचा."

तेव्हा तहसिलीच्या गावी सरकारी शाळा होती, पण ती मुलांची आणि उर्दूची. मुलींसाठी काहीच नव्हतं, आणि नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. मला आईनं आत्याच्या ओसरीवर नेऊन बसवलं ते मी शिकावं म्हणून नव्हे. मी फार बोलत असे, आणि रानात जाताना मला कुठंतरी अडकवून ठेवायची सोय हवी होती. अशा अडकवलेल्या आम्ही सहाजणी जमलो. सहा हा आकडा बघून आत्याचे डोळे चमकले होते म्हणे. मला ते आठवत नाही. मी तेव्हा नाकात चिंचोका अडकवून बसले होते.

तिनं आम्हाला अंगणात गोल उभं केलं आणि एकेकीला एकेक अंक दिला. एक, चार, दोन, आठ, पाच, सात. एक म्हणजे हौसा. ती आमच्यात थोरली, बापाविना वाढलेली, चुलत्याच्या घरात राहणारी, आणि चुलत्याच्या घरात राहणारी मुलगी जेवढी बोलते तेवढंच बोलणारी. मला आठ मिळाला. सगळ्यांत मोठा अंक आपला, हे कळल्यावर मी मान अशी ताठ केली की आत्यानं विचारलं, "मानंला काय झालं गं, शेवंते?"

"मी मोठी. मग पुढं मीच ऱ्हाणार."

"पुढं कोन त्ये गुणल्यावर कळंल. दोनानं गुण."

आम्ही पाट्यांवर गुणलं. उत्तरात तेच सहा अंक आले, त्याच क्रमानं. म्हणजे फेर होता तसाच राहिला, फक्त म्हणायला सुरुवात दुसऱ्याच एकीपासून झाली. आता पुढं दोन, म्हणजे गंगू, जिचं नाक बारा महिने वाहायचं. मी पाय आपटले. तिनानं गुणलं की चार पुढं येते, चारानं गुणलं की पाच, पाचानं गुणलं की सात, हे आत्यानं आम्हाला तेव्हा नुसतं तोंडी सांगून टाकलं.

"आन् मी?"

"तू सहाला."

"समद्यांच्या शेवटी?"

"व्हय. ह्यात ल्हान आधी, मोठं शेवटाला. तुज्या घरात कवा बघितलंस का आसं? न्हाई ना? मग हितं बघून घे."

मला ते मुळीच पटलं नाही. सगळ्यांत मोठ्या अंकाला शेवटचा पाट, हा अन्याय मी आईला, शेजारणीला आणि आमच्या म्हशीलाही सांगितला.

आत्याच्या रागाबद्दल मी सांगते, पण तिचं शिकवणं त्याहून तिखट होतं. एकदा मी हौसेशी भांडले, कशावरून ते आता देव जाणे, आणि तिच्या समोर उभं राहायला नकार दिला. आत्यानं माझा दंड धरून मला माझ्या जागी रोवलं.

"समोर बघ. कोन हाय?"

"हौसी."

"ती एक, तू आठ. किती झाले?"

"नऊ."

"चाराच्या समोर?"

"पाच. नऊ."

"दोनाच्या समोर?"

"सात." माझा आवाज बारीक झाला. "नऊ."

"आता ध्यानात ठीव. फेरात जी समोर हुबी ऱ्हाती ती तुजी. ती पडली की तू निसती आठ. निसत्या आठाला कोन इचारतंय?"

हौसा हसली. ती हसली की तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसे. मीही हसले, कारण त्याच दिवशी तिच्याकडे बोरं होती.

आता व्रताचं सांगते, कारण सगळं त्यावरच फिरलं. नागपंचमीला आमच्याकडे बायका-मुली वारुळाला जातात आणि तिथं फेर धरतात. हातात हात, एक पाय पुढं, एक मागं, आणि गाणी. पहिल्या पंचमीला आम्ही सहाजणींनीही फेर धरला. आम्हाला गाणी धड येत नव्हती, म्हणून आम्ही आत्याचं म्हटलं:

एक गं चार गं, दोन गं आठ,
पाच गं सात गं, सुटंना गाठ.

बायका थांबून ऐकू लागल्या. हे कोणतं गाणं, कुठल्या देवाचं, असं चाललं. शेवटी गंगूच्या आजीनं हळद-कुंकवाची कोयरी पुढं केली आणि हात जोडून विचारलं, "गोदे, ह्ये कसलं वरत गं?"

आत्याला व्रतवैकल्यांचा मनस्वी तिटकारा. तिनं तोंड उघडलं, किमान तीनपट निघणार होता. मग ती थांबली. आमच्याकडे एकदा बघितलं, बायकांकडे एकदा बघितलं, आणि तोंड मिटून पुन्हा उघडलं.

"सात वर्सांचं हाय," ती म्हणाली.

"नेम काय त्येचा?"

"पंचमीला एकेक गुणाकार. ह्या वर्सी एकानं, पुढल्या वर्सी दोनानं. सातानं झालं की उद्यापन. मधी मोडायचं न्हाई. आन् उद्यापन होईस्तवर पोरीला हळद लावायची न्हाई."

"आन् मोडलं तर?"

आत्यानं नुसतं वारुळाकडे बघितलं. बाकीचं बायकांनी स्वतःच समजून घेतलं. घेतलेलं व्रत अर्धवट सोडण्याची हिंमत आष्टीत तेव्हा कुणाच्यात नव्हती, आताही फारशी नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला बोहल्यावर चढवणारे बाप त्या दिवसापासून आमच्या सहाजणींच्या बाबतीत गप्प बसले. हुंडा, कुळी, मुलीचं पोरपण, कशानंही जे थांबलं नसतं ते एका गुणाकारानं थांबलं. बायकांच्या गैरसमजातून सापडलेलं हत्यार आत्यानं ताबडतोब कमरेला खोचलं.

आणि मी? मी त्या व्रतावर सगळ्यांत जास्त विश्वास ठेवला. शिकवणाऱ्या बाईला अक्कल होती, शिकणारीला भक्ती. मी श्रावणात अळणी जेवत असे. पाटीवर आकडा लिहून त्याला दोन फुलं वाहत असे आणि शेंगदाण्याचा लाडू मागत असे. पुढचे गुणाकार मला सहज करता आले असते, पण आत्यानं ताकीद दिली होती की वेळेआधी गुणलं तर व्रत बाटतं. म्हणून हिशेब डोक्यात आपोआप पुढं धावू लागला की मी डोळे घट्ट मिटून "पांडुरंग पांडुरंग" म्हणायची. असली शहाणी होते मी.

खासगी शाळा चालवायला तेव्हा सरकारची इजाजत लागे, आणि ती मागायला जाणाऱ्याच्या चपला झिजत. कुणीतरी चुगली केली म्हणून एकदा तहसिलीचा जवान आला. दाराशी उभा राहून त्यानं आमच्या पाट्या बघितल्या.

"ये क्या चलरा, अम्मा? मदरसा है क्या?"

"मदरसा न्हाई, बाबा. बरत है."

"बरत में पाटी कायकू?"

"हमारा देव आकडे में रहता," आत्या म्हणाली.

जवानानं आकड्याकडे जरा आदरानं बघितलं, "हौ, चलन दो" म्हणाला आणि पाणी पिऊन गेला. शाळेला परवानगी लागत होती. व्रताला लागत नव्हती. त्या आडोशाला आम्ही वाचायला शिकलो, पावकी-निमकी शिकलो, नकाशात नगर कुठं आणि हैदराबाद कुठं ते शिकलो. आणि दर पंचमीला एक पायरी वर चढलो. एक, दोन, तीन, चार. चारही वर्षं मी माझ्या सहाची वाट बघत होते.

चौथ्या पंचमीनंतर हौसेच्या चुलत्यानं तिचं लग्न ठरवलं. बापूराव त्याचं नाव. बीडला राहून उर्दूच्या दोन इयत्ता करून आला होता, त्यामुळे त्याच्या डोक्याला फेटा पुरत नसे. नवरा मुलगा चाळिशीचा, दोन बायका मेलेला. त्याची विहीर बापूरावाच्या रानाला लागून होती आणि आमच्या कोरडवाहू मुलखात दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी आपल्या पाटात वळवायला माणूस काय वाटेल ते देतो. बापूरावानं हौसा दिली. हौसेची आई फक्त एवढंच म्हणाली, "भाऊजी, वरत हाय पोरीचं." बापूराव घरात गेला आणि पाटी घेऊन बाहेर आला.

तो थेट आत्याच्या अंगणात आला, मागून पाच-सहा बापे. आम्ही ओसरीवर होतो.

"अक्का," तो म्हणाला, "उद्यापन झालं तुमच्या वरताचं."

"कवा?"

"आत्ता. ह्ये बघा. पाचानं गुणलं, सहानं गुणलं, सातानं गुणलं. सातानं समदे नऊ आले. नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. आता काय ऱ्हायलं?"

खरंच होतं ते. सातानं गुणलं की फेर संपतो, सगळ्याजणी नऊ होतात. कोण एक, कोण आठ, काही ओळखू येत नाही. तीन वर्षांचं राखून ठेवलेलं त्या माणसानं एका सकाळीत उरकलं होतं.

मी भोकाड पसरलं. एवढी रडले की अंगणातल्या बाप्यांनाही वाईट वाटलं. "बघा, मैतरणीसाठी कसा जीव तुटतोय लेकराचा," कुणीतरी म्हणालं आणि मला गुळाचा खडा मिळाला. मी तो खाल्ला. मैत्रिणीसाठी नव्हते रडत मी! माझं सहा गेलं होतं. चार वर्षं अळणी जेवून राखलेलं माझं सहा त्या फेटेवाल्यानं पाटीवर उरकून टाकलं, आणि मी पुढं उभी राहिलेच नाही, याचं ते रडू होतं. हौसा ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. तिच्याकडे बघायचं मला सुचलंसुद्धा नाही. त्या पोरीला, म्हणजे मला, आज कुणी समोर आणून उभी केली तर मी तिच्या कानाखाली एक देईन आणि गूळ काढून घेईन.

आत्या मात्र शांत होती.

"बापू, आठानं गुण," ती म्हणाली.

"आता आठ कशाला?"

"भ्यालास व्हय?"

बाप्यांदेखत असं म्हटल्यावर तो काय करणार? त्यानं गुणलं. "अकरा लाख बेचाळीस हजार आठशे छप्पन्न."

"किती अंक झाले?"

"सात."

"पोरी तर सहाच हायेत. बघ नीट. समद्यांच्या पुढं एक जादा हुबी हाय. एकटीच पळालीय. तिच्या मागं एक, चार, दोन, आठ, पाच, तिथवर समदं जागच्या जागी. शेवटाला सात पायजे, तिथं सहा हाय. एकीची कमी. आता ती पुढं पळालेली एक उचल आन् मागं आणून मिळव."

बापूरावानं मिळवली. त्याचा हात पाटीवर थांबला. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

"आला का फेर माघारी?" आत्या म्हणाली. "नऊ आले म्हंजी संपलं, आसं बीडला शिकवलं का रं तुला?"

"मग ह्ये संपायचं कवा?"

"संपत न्हाई. म्हणूनच धरलाय."

बायका भिंतीआडून ऐकत होत्या, त्यांनी पदर तोंडाशी धरले. त्यांना पटलं होतं. पण लग्न ठरवणं बायकांच्या हातात नव्हतं. बापे हसले. एकजण म्हणाला, "चल बे बापू, मांडवाचं बघ. बाईमाणसाचं काय ऐकतो!" आणि गेले. एवढंच झालं. अंकगणितात आत्या जिंकली आणि अंगणात हरली.

परवा माझा थोरला मुलगा मला म्हणाला, "आई, त्या काळी ती पद्धतच होती, कुणाला दोष द्यायचा?" पद्धत! पद्धत काय आभाळातून पडते? पाटी हातात घेऊन ती अंगणात चालत येते. तिला नाव असतं, फेटा असतो, विहिरीच्या पाण्याची हाव असते. त्या अंगणातल्या एकेका माणसाला मी नावानिशी ओळखत होते. त्यातल्या कुणीही "नको" म्हटलं असतं तर काय वीज पडणार होती? माझे वडीलही त्यात होते. तेही हसले होते.

हौसेची वरात आत्याच्या दारावरून गेली. आत्या ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली, वाजंत्री जवळ येईपर्यंत थांबली, आणि मग सहापट ओरडली. "आठ लाख सत्तावन्न हजार एकशे बेचाळीस!" सनईवाल्याचा सूर तुटला. नवरदेवानं घाबरून विचारलं, "काय म्हणती ती बाई?" कुणी सांगितलं, आशीर्वाद देती. गाडीत हौसा होती, मुंडावळ्यांनी तोंड झाकलेली. तिला कळलं होतं. मला माहीत आहे, तिला कळलं होतं.

पुढच्या पंचमीला आम्ही पाचजणींनी फेर धरला. हौसेच्या जागी दुसरी मुलगी घ्यायला आत्यानं नकार दिला. "हात मोकळे ठेवा तिथं," म्हणाली. माझ्या समोर रिकामी जागा होती. निसती आठ म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. उशिरा कळलं, पण माझं सगळंच उशिरा असतं. त्यानंतर बाकीच्या बापांनाही मोकळीक मिळाली. उद्यापन झालंच होतं ना! वर्षा-दोन वर्षांत आम्ही पाचहीजणी उजवल्या गेलो. मला थेट धर्मापुरीला दिलं. नवरा बरा निघाला. तो कुणाचा शहाणपणा नव्हे, नशिबानं घडलेला अपघात.

मग एका पंचमीला मी माहेरी आले होते, कडेवर मूल घेऊन. सकाळीच गंगू धावत आली, नाक तसंच वाहतं. "शेवंते, हौसी आलीया! आत्याच्या वसरीवर हाय. पायी आलीया."

मी गेले. हौसा भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि आत्यानं विचारलं नाही. चुलत्याच्या दारावरून ती तशीच पुढं आली होती. आत्या तिच्यासमोर भाकरी कुस्करत होती.

"लई पुढं पळालतीस," आत्या तिला म्हणाली. "ये. माघारी बस."

दुपार व्हायच्या आत बापूराव आला. मागं नवऱ्यानं गडी देऊन धाडलेली गाडी, लिंबाखाली उभी. "हौसे, ऊठ," तो म्हणाला. "माणूस न्यायला आलाय. अक्का, तुमी ह्यात पडू नका."

आत्यानं त्याच्याकडे बघितलंच नाही. तिनं आमच्याकडे बघितलं. पंचमी होती, त्यामुळे आम्ही सगळ्या माहेरी होतो, सगळ्या त्या बातमीनं तिथं जमलेल्या. सहाच्या सहा.

"पोरींनो," ती म्हणाली, "आज फेर न्हाई का धरायचा?"

आम्ही अंगणात उतरलो. मी कडेवरचं मूल आत्याकडे दिलं. हौसेनं डावा हात चारवालीला दिला, उजवा गुंडाळलेला हात सातवालीनं मनगटाशी हलकेच धरला. बायकांनी धरलेल्या फेरात पंचमीच्या दिवशी पुरुष शिरत नाही, फेर तोडत नाही. तोडला तर त्याच्या घरात नाग निघतो म्हणतात. बापूरावाला उर्दूच्या दोन इयत्ता झाल्या होत्या, पण नागापुढं त्या फार नव्हत्या.

"हू द्या तुमचं," तो कट्ट्यावर बसला. "सात म्हणलं की उद्यापन. मग सोडा तिला."

आम्ही एकानं सुरू केलं. हौसा पुढं. मग दोनानं, तिनानं, चारानं, पाचानं. मग सगळ्या थांबल्या आणि आत्याचा आवाज आला, "शेवंते, हो पुढं. तुजं सहाचं ऱ्हायलंय."

मी लहान असताना वाटलं होतं, माझी पाळी आली की मी मिरवेन. मी मिरवलं नाही. माझ्या समोर हौसा होती. दात तसाच दातावर चढलेला, पण ती हसत नव्हती. तिच्या हाताच्या फडक्याकडे बघत मी ओरडले. गाणं म्हणून नव्हे, आत्या म्हणायची तसं. "आठ लाख सत्तावन्न हजार एकशे बेचाळीस!" माझ्या मुलानं घाबरून रडायला सुरुवात केली. बापूराव उठून उभा राहिला.

"आता सात," तो म्हणाला.

"पोरींनो, एकापास्नं," आत्या म्हणाली.

आम्ही पुन्हा एकापासून सुरुवात केली. सहापर्यंत गेलो. पुन्हा एक. गावातल्या बायका येत गेल्या आणि आमच्याभोवती त्यांनी दुसरा फेर धरला, त्याच्याभोवती तिसरा. हौसेची आई त्या तिसऱ्या फेरात होती. शब्द सगळ्यांना पाठ झाले.

"अक्का, सात कुठंय?" बापूराव फेरांच्या पलीकडून ओरडला.

"तू गेलतास ना सातावर, घाईघाईनं?" आत्या म्हणाली. तिच्या मांडीवर माझं मूल झोपलं होतं. "आमी चालत चाललोय. बस तू."

गाडीवाल्यानं बैल सोडले, त्यांना वैरण घातली, भाकरी खाल्ली. उन्हं कलली तशी बैल पुन्हा जुंपले. त्याला अंधाराआधी घर गाठायचं होतं. रिकामी गाडी गेली. तिच्यामागं, सगळ्या बाप्यांच्या देखत, बापूराव गेला. आम्ही सहाव्यांदा की दहाव्यांदा सहावर होतो, कुणी मोजलं नव्हतं. पाय सुजले होते. हौसा तेव्हा रडली. आत्या म्हणाली, "रडायचं तर फेरातच रड. हात सोडू नगस."

बापूराव नंतरही आला, धमक्या देऊन गेला, तहसिलीत जाईन म्हणाला. हौसा आत्याच्या ओसरीवरच राहिली. तिचा उजवा हात कधी सरळ झाला नाही. ती डाव्या हातानं लिहायला शिकली, आणि पुढं मुलींना शिकवायला. ज्यांच्यामुळे तो हात तसा झाला ते सन्मानानं म्हातारे होऊन मेले. हे लिहिताना माझी लेखणी कागदात रुतते आहे, तर रुतू दे.

आत्या गेली तेव्हा मी धर्मापुरीत होते. बातमी उशिरा पोचली. मी आष्टीला पोचले तेव्हा ओसरी सारवून झाली होती आणि हौसा एकटी बसली होती. मी तिच्या समोर बसले.

"सातवं म्हणाली का गं?" मी विचारलं. त्या दिवसभराच्या फेरानंतर आत्या आम्हाला नेहमी बजावायची की सातवं म्हणायचं न्हाई. सातपटात राग राहत नाही, सगळे सारखेच होतात, ते मेल्यावरचं आहे. मला वाटलं, शेवटी तरी ती म्हणाली असेल.

"न्हाई," हौसा म्हणाली. "दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा म्हणाल्या."

"दोनपट? कावून?"

"पाण्याचा तांब्या लांब ठिवलता मी."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता हौसा रडायला लागली. मी तिचा वाकडा हात धरला. आणि मी एकापासून सुरुवात केली. तिनं दोन म्हटलं. सहापर्यंत आलो आणि थांबलो.

हौसाही गेली आता. मी एकटीच राहिले आहे, निसती आठ. थोरल्याला मी अजून पद्धतीचं उत्तर दिलेलं नाही. पण त्यानं काल तो शब्द पुन्हा उच्चारला, नातीसाठी स्थळ आलं आहे म्हणाला, ती अजून कॉलेजात शिकते आहे तरी. मी जागेवरूनच ओरडले. सहापट. शेजारचं कुत्रं भुंकलं. थोरल्याला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

नातीनं मात्र वही पुढं ओढली आणि विचारलं, "आजी, पुन्हा सांग. आठ लाख किती?"